गवत वाढते भोर-वेल्ह्यात, यंत्र जाते पुण्याला

पावसाळ्यात पुणे-सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्याला अर्धा तास उभे राहिले की वेल्हे तालुक्यात काय येते आणि तिथून काय जाते, ते समजते. गेल्या जुलैत आम्ही असेच एसटीची वाट पाहत उभे होतो. नसरापूरकडून एक मोटारसायकल आली. मागच्या सीटवर सुतळीने करकचून बांधलेले, चारी चाके आकाशाकडे केलेले गवत कापण्याचे यंत्र होते. चालवणारा गृहस्थ मार्गासनीकडच्या एका फार्महाऊसचा राखणदार. यंत्र उलटे बांधल्यामुळे इंजिनातले तेल ओघळून त्याच्या पाठीवर सांडले होते.

कुठे निघालात, असे विचारले. म्हणाला, पुण्याला. काय बिघडले आहे? "चालू होतंय चाचा, पण कापत नाही. गवत नुसतं झोपवतंय."

आम्ही वाकून पाते पाहिले. धार म्हणून काही उरलेलेच नव्हते. कानस हाती असती तर अर्ध्या तासाचे काम. त्यासाठी हा माणूस जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर भिजत जाणार, यंत्र आठ दिवस दुकानात पडणार, आणि तोवर मालकाच्या अंगणात गवत गुडघ्याला लागणार. नसरापूरला धार लावणारे कोणी नाही का, असे आम्ही विचारले. त्यावर तो म्हणाला, "आहेत की. विळे-कोयते झकास लावतात. पण हे यंत्र आहे म्हणून हात लावत नाहीत."

हे वाक्य आम्हाला टोचले. ज्यांच्या आजा-पणजांनी तलवारींना पाणी दिले, सैकल म्हणजे चकाकी देण्यावरूनच ज्यांना शिकलगार हे नाव पडले, त्यांच्या वंशजांनी फूट-दीड फुटाच्या लोखंडी पट्टीला भ्यावे? आजचा मजकूर त्या पट्टीबद्दल, आणि जिच्यावर ती फिरते त्या हिरवळीबद्दल आहे. घरापुढे चार हात लॉन राखणाऱ्या वाचकांना तो उपयोगी पडेलच. पण आमचा डोळा अधिक करून गॅरेजवाले, वेल्डर, मोटार वाइंडिंगवाले आणि धार लावणारे कारागीर यांच्याकडे आहे.

काम आहे का, हा पहिला प्रश्न. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, परंतु लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. या तालुक्यात पानशेत, वरसगाव व गुंजवणी आणि शेजारच्या भोरमध्ये भाटघर व नीरा देवघर अशी धरणे आहेत. पाण्याच्या कडेला आणि डोंगराच्या उतारावर पुणेकरांनी व मुंबईकरांनी गुंठ्या-गुंठ्याने जागा घेऊन बंगले बांधले. बंगला झाला की पुढे लॉन आलेच. मालक शनिवार-रविवारी येतो. गवत मात्र सातही दिवस वाढते. शिवाय मंगल कार्यालये, रिसॉर्ट, शाळा आहेत. भोर शहरात आपल्याही काही मंडळींनी घरापुढे हिरवळ केली आहे. यंत्रे विकली गेली पुण्यात आणि बिघडतात इथे. मधला रस्ता तेवढा मोकळा पडला आहे.

हे यंत्रही मुळात आपल्यासारख्या कारागिराच्याच डोक्यातून निघाले. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा मिस्त्री राहत असे. त्या भागात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि विणलेल्या कापडावरची लव एकसारखी कापायला फिरत्या पात्यांचे यंत्र वापरीत. कापडावरची लव कापता येते तर जमिनीवरची का नाही, असे त्याच्या मनात आले आणि १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर सगळे काम लांब दांड्याच्या विळ्याने चाले. पुढे मोठी यंत्रे ओढायला घोडे लावले, तेव्हा खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून घोड्यांच्या पायांत चामडी बूट घालीत. बडिंगने नंतर स्क्रूने कमी-जास्त होणारा पानाही तयार केला, हे आमच्या गॅरेजवाल्या वाचकांना ऐकायला आवडेल.

बडिंगचा नमुना आजही चालतो. त्यात पात्यांचा एक रूळ फिरतो आणि खालच्या स्थिर पात्याशी कात्रीसारखा गवत कापतो. दुसरा प्रकार म्हणजे एकच आडवे पाते पंख्यासारखे गरगर फिरणारे. आपल्या भागात पेट्रोलवर व विजेवर चालणारी बहुतेक यंत्रे या दुसऱ्या प्रकारची. एक कात्री, दुसरा कोयता, इतके ध्यानात ठेवले तरी पुरे. कात्रीचे काम जुळणीवर असते आणि कोयत्याचे धार व वेगावर.

यंत्राकडे वळण्यापूर्वी गवताचे वर्ष समजून घ्यावे लागते, कारण गिऱ्हाईक यंत्र घेऊन येते तेव्हा अनेकदा दोष यंत्रात नसून कापण्याच्या पद्धतीत असतो. आपल्याकडच्या लॉनमध्ये हरळीच्या निवडक जाती, नर्सरीवाले ज्याला सिलेक्शन नंबर एक म्हणतात ते गवत, किंवा मेक्सिकन म्हणून विकले जाणारे मऊ, दाट गवत असते. ही सगळी उन्हाळी स्वभावाची गवते आहेत. ऊन आणि ओल मिळाली की ती फोफावतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जवळजवळ झोपतात. थंडीत लॉन पिवळसर दिसले म्हणून घाबरून खताचा मारा करू नये.

मे महिना तयारीचा. वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा, खोलगट जागी माती, वाळू व पुरते कुजलेले शेणखत यांचे मिश्रण पसरावे. ज्या भागात पाऊस धो-धो पडतो तिथे पाण्याला वाट काढून देणे हे खतापेक्षा महत्त्वाचे. भाताच्या खाचरात पाणी अडवायचे असते, लॉनमधून ते काढायचे असते. भोर-वेल्ह्याच्या माणसाला हे एका वाक्यात समजते, पुण्याच्या मालकाला समजवावे लागते. पाऊस स्थिरावला की गुंठ्याला साधारण एक किलो युरिया कोरड्या पात्यांवर सारखा फेकून लगेच पाणी द्यावे, नाहीतर पाती करपतात. त्याहून जास्त दिले तर गवत हिरवेगार होईल, पण आठवड्यातून तीनदा कापावे लागेल.

कापण्याचा नियम जगभर एकच आहे. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. गवत तीन इंच झाले असेल तर दोन इंचांवर आणावे. महिनाभर बंद राहिलेल्या बंगल्यात गवत फूटभर वाढते आणि मालक म्हणतो, आजच बारीक करून टाका. तसे केले की खालचे पांढरे देठ उघडे पडतात, ऊन लागून लॉन भाजल्यासारखे होते आणि बोल यंत्राला लागतो. तिथे पहिल्या फेरीला उंच कापावे, तीन-चार दिवसांनी खाली यावे. ओले गवत शक्यतो कापूच नये. पावसाळ्यात दुपारची दोन-तीन तासांची उघडीप मिळते, तेवढी पकडावी आणि यंत्राची उंची एक खाच वर ठेवावी. ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुढे मार्च-एप्रिलमध्येही गवत थोडे उंचच राखावे, म्हणजे ते आपल्याच मुळांवर सावली धरते. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड पहाटे भरपूर द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच राहतात.

दोन शत्रूंची नावे सांगून पुढे जाऊ. लव्हाळा यंत्राने मरत नाही. जमिनीत त्याच्या गाठी असतात, त्या ओल असताना खुरप्याने खणून काढाव्या लागतात. दुसरी हुमणी. वळवाचा पाऊस पडला की हिचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात, आणि पावसाळ्यात त्यांच्या अळ्या जमिनीत मुळे खातात. लॉनचा तुकडा सतरंजीसारखा हाताने उचलला गेला तर खाली पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसतील. भुंगेरे असतानाच रात्री झाड हलवून ते गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकणे हा गावोगावी ठाऊक असलेला उपाय लॉनलाही लागू आहे. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी शेणखतातून देण्याचाही चांगला उपयोग होतो.

आता पाते. कापलेल्या गवताचे टोक हातात घेऊन पाहा. सरळ, हिरवे असेल तर धार ठीक. टोक फाटून दोन दिवसांत तपकिरी झाले असेल तर पाते कापत नाही, फाडते आहे. साधारण वीस-पंचवीस तासांच्या कामानंतर धार लावावी. आपल्या मुरमाड, दगडाळ प्लॉटवर त्याआधीही लागेल.

हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढून बाजूला बांधायची. हे काम शागीर्दावर सोपवू नये, स्वतः करावे. पाते हाताने फिरवताना इंजिन एक झटका मारते आणि बोटे जातात. विजेचे यंत्र असेल तर पिन सॉकेटमधून काढून आपल्या नजरेसमोर ठेवावी. मग यंत्र कलते करायचे, ते एअर फिल्टर व कार्ब्युरेटरची बाजू वर ठेवून. चेलाडीच्या त्या राखणदाराने नेमके उलटे केले होते. फिल्टरमध्ये तेल शिरले की यंत्र पांढरा धूर ओकते आणि मालकाला वाटते इंजिन गेले.

पाते काढण्याआधी त्यावर खडूने खालची बाजू लिहून ठेवावी. उलटे बसवलेले पाते कितीही धारदार असले तरी कापत नाही, आणि ही चूक नवशिक्याकडून हमखास होते. जुन्या धारेचा कोन साधारण तीस अंशांचा असतो, तोच राखायचा. वस्तऱ्यासारखी धार लावू नये. ती पहिल्याच खड्यावर मोडते. कानशीने लावली तर उत्तम. ग्राइंडर लावायचा तर हलक्या हाताने, मध्ये मध्ये थांबून. लोखंड निळे पडले की पाणी उतरले, हे आम्ही शिकलगारांना सांगणे म्हणजे आजीला स्वयंपाक शिकवणे होईल. परंतु गॅरेजमध्ये अँगल ग्राइंडर घेऊन दोन मिनिटांत पाते निळे करणारे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. चिरा गेलेले किंवा वाकलेले पाते ठोकून सरळ करून परत बसवू नये. वेल्ड तर मुळीच करू नये. मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या पट्टीचा तुकडा उडाला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा जातो. अशा वेळी गिऱ्हाईक रागावले तरी चालेल, नवे पातेच घ्यायला लावावे.

धारेनंतर तोल. हा धडा आम्ही पदरमोड करून शिकलो. भोरमधील एका नातलगाच्या घरचे यंत्र आम्ही हौसेने दुरुस्तीला घेतले. पात्याची एक बाजू फार खराब होती, तिलाच घासून लखलखीत केली आणि दुसरीवर जेमतेम हात फिरवला. यंत्र चालू केले तर हँडल धरवेना. नातलग भिडेखातर काही बोलले नाहीत आणि तसेच वापरत राहिले. चार आठवड्यांत हँडलचे नट गळाले आणि शाफ्टच्या सीलमधून तेल गळू लागले. जे काम कानशीच्या दहा फटक्यांनी टळले असते त्यासाठी इंजिन खोलावे लागले, आणि त्याचे पैसे अर्थातच आम्ही भरले. तेव्हा भिंतीत एक खिळा ठोकावा, पाते मधल्या भोकात आडवे अडकवावे, जी बाजू खाली जाईल तिच्या मागच्या कडेचे लोखंड थोडे घासावे. दोन्ही बाजू समपातळीत थांबल्या की काम झाले.

रुळाच्या यंत्राला असे चालत नाही. तिथे फिरती पाती व खालचे पाते यांची जुळणी पाहायची. दोहोंमध्ये कागदाची पट्टी धरून रूळ हाताने फिरवावा. कागद सर्व लांबीभर स्वच्छ कापला गेला पाहिजे. कापत नसेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पात्यांना लावून रूळ उलट दिशेने फिरवावा, मग पेस्ट पूर्ण धुऊन पुन्हा जुळवावा. ज्याने स्कूटरचे व्हॉल्व्ह बसवले आहेत त्याला हे तासाभराचे काम.

इंजिनाविषयी आमच्या मिस्त्री बांधवांना फार सांगायला नको. चार स्ट्रोकच्या लहान इंजिनात अर्धा लिटरच्या आसपास तेल असते, ते पहिल्यांदा लवकर आणि पुढे सुमारे पन्नास तासांनी किंवा दर हंगामाला बदलावे. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावा, कागदाचा फक्त झटकावा. कॉम्प्रेसरची हवा मारली की तो फाटतो. मात्र दोन गोष्टी मोटारसायकलच्या सवयीने लक्षात येत नाहीत.

पहिली फ्लायव्हीलच्या चावीची. पाते दगडावर किंवा झाडाच्या खुंटावर आदळले की शाफ्ट वाचावी म्हणून अनेक इंजिनांतली मऊ धातूची छोटी चावी कातरली जाते. फ्लायव्हील किंचित सरकते, स्पार्कची वेळ चुकते, यंत्र सुरू होत नाही किंवा दोरी हाताला उलटा हिसका देते. मिस्त्री मात्र तीन दिवस कार्ब्युरेटर खोलून बसतो. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: दगडावर आदळले होते का? ते आधी नाही म्हणेल. पात्यावरची खाच पाहून पुन्हा विचारावे.

दुसरी पेट्रोलची. २०२५ साली देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. लहान इंजिन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत मात्र सर्वसाधारणपणे १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा लिहिलेली आढळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. वेल्ह्याच्या पावसाळी हवेत अर्धी टाकी भरून ठेवलेले यंत्र तीन आठवड्यांनी काढले तर खाली पाणी, जेटमध्ये चिकटा आणि फ्लोटच्या भांड्यात गंज अशी अवस्था होते. घरमालकाने करायचे ते इतकेच, की लागेल तेवढेच ताजे पेट्रोल आणावे आणि महिनाभर यंत्र ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे. आणि पेट्रोल लॉनवर उभे राहून भरू नये. जिथे थेंब सांडतात तिथले गवत मरते.

प्रत्येक वापरानंतर यंत्राच्या पोटाला चिकटलेले ओले गवत लाकडी पट्टीने खरवडून काढावे. ते राहिले की पत्रा गंजतो, हवा फिरत नाही आणि यंत्र गवताचे गोळे टाकत जाते. निम्म्या तक्रारींचे मूळ या चिखलात असते.

विजेच्या यंत्रांत पाते तेच, दुखणे वेगळे. बारीक वायरची लांबच लांब एक्स्टेंशन लावतात, त्यात गावाकडे व्होल्टेज कमी. मोटार तापते आणि वाइंडिंग जळते. दीड किलोवॉटच्या यंत्राला लांब अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरची वायर द्यावी. ओल्या गवतात विजेचे यंत्र चालवूच नये, आणि ज्या घरात गळती होताच वीज तोडणारे उपकरण व नीट अर्थिंग नाही तिथे कारागिराने नम्रपणे हात जोडावेत. हल्ली बॅटरीची यंत्रेही येऊ लागली आहेत. त्यांत तेल, प्लग, कार्ब्युरेटर काहीच नाही. पण पाते आहे.

बंद बंगल्यात कामाला जाल तेव्हा आधी काठी आपटत एक फेरी मारा. पावसाळ्यात उंच गवतात घोणस पडून असते आणि ती पटकन हलत नाही. त्याच फेरीत दगड, तारा, बाटल्यांची बुचे वेचून होतात. पायात जाड बूट, डोळ्याला चष्मा.

राहिला धंद्याचा हिशेब. एकेका दुरुस्तीच्या मागे लागण्यापेक्षा वर्षाचा ठराव करावा: मेमध्ये पूर्ण सर्व्हिस, पावसाळ्यात धारेसाठी तीन खेपा, दिवाळीनंतर एकदा तपासणी. मालक पुण्यात बसून राखणदाराच्या तोंडी निरोप देतो, म्हणून काय केले, कोणता भाग बदलला ते लिहून जुन्या भागासह द्यावे. जुना प्लग हातात पडला की शंका उरत नाही. राखणदाराशी संबंध चांगले ठेवावेत, परंतु बिल फुगवून त्याचा वाटा काढायच्या फंदात पडू नये. एका आळीतल्या चार बंगल्यांचे मालक एकमेकांना ओळखतात.

भांडवल फार लागत नाही. कानशी, पाने, तोलाचा खिळा, दोन-तीन मापांची पाती, प्लग, फिल्टर, स्टार्टरची दोरी आणि फ्लायव्हीलच्या चाव्या. लोहार आणि अवजारे बनवणारे कारागीर यांचा समावेश सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत आहे. तीत पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जाची तरतूद केलेली आहे. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ आहेच. पण या कामासाठी पहिल्या दिवशीच कर्ज काढावे, असे आम्ही म्हणणार नाही. आधी शेजारच्या एका बंगल्याचे पाते लावून द्या.

एक अडचण मात्र आम्हाला नसरापूरच्या एका कारागिराने हसत सांगितली. मालक शनिवारी सकाळी येणार म्हणून राखणदाराला यंत्राची आठवण होते शुक्रवारी दुपारी, आणि नेमके तेव्हा आपले दुकान बंद. त्याने तोडगा काढला आहे. गुरुवारी संध्याकाळी तोच फोन करतो: "यंत्र चालू करून पाहिलं का?"